चिमणी लावली की फ्लॅट वर जातो

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोजल्याशिवाय काहीही गेटबाहेर पडत नाही. शाफ्टचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजतात, बोल्ट किती टॉर्कने आवळला ते मोजतात, रंगाच्या थराची जाडी मोजतात आणि कामगार चहाला गेला तर किती मिनिटांनी परतला तेही मोजतात. ज्याला माप सापडत नाही त्याच्यापुढे रजिस्टरमध्ये 'व्हिज्युअल ओके' लिहून सही ठोकतात. एवढं असूनही इथला एक मोठा माल कुणी मोजत नाही, त्याचं चलन फाटत नाही आणि त्यावर जीएसटीही बसलेला नाही. तो माल म्हणजे वर जाणारी हवा.

एप्रिलमध्ये सकाळी अकराच्या सुमाराला चाकण एमआयडीसीत उभं राहून बघा. शेडचे पत्रे तापलेले, शेजारी काँक्रीटचं यार्ड, यार्डात डिस्पॅचची वाट बघणाऱ्या नव्याकोऱ्या गाड्यांच्या रांगा. आणि कुंपणाला लागून एखाद्या शेतकऱ्याने हट्टाने न विकलेला, नुकतंच पाणी दिलेला घासाचा तुकडा. पत्रे आणि काँक्रीट भराभर तापतात, ओला घास तेवढा तापत नाही. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होते, जमीन सोडते आणि वर निघते. ग्लायडरवाले तिला थर्मल म्हणतात. बऱ्यापैकी दिवस असेल तर ती सेकंदाला दोन-तीन मीटरने चढते. आमच्या सोसायटीची लिफ्ट सेकंदाला एक मीटर जाते, तीही चालू असेल तेव्हा.

या हवेवर इंजिन नसलेलं विमान तासन्‌तास राहू शकतं. पण जवळच लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे चाकणच्या आकाशात एखादा हौशी माणूस ग्लायडर घेऊन निवांत घिरट्या घालतोय, असं काही होणं नाही. परिणामी एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्याची ही सगळी उत्पादनक्षमता घारींच्या वाट्याला जाते. त्यांनी ना एमआयडीसीकडे प्लॉट मागितला, ना कुठल्या खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र.

माणसाला या हवेत जायचंच असेल तर त्याला पट्ट्याबाहेर पडावं लागतं. दक्षिणेला हडपसर. तिथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर कित्येक दशकांपासून आहे. विंच लांबलचक दोर गुंडाळते, दोराच्या टोकाचं ग्लायडर पतंगवाल्याने ढील न देता खेचावं तसं वर जातं, आणि दोन-तीनशे मीटरवर दोर सुटतो. पुढे हवेने हात दिला तर ठीक, नाहीतर पाच-सात मिनिटांत पुन्हा हडपसरची माती. सरकारने एके काळी ग्लायडर देशातच बनवली आणि त्यांची नावं थेट पंचांगातून उचलली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर. कृत्तिकेच्या जागी कार्तिक कसा बसला ते खात्यालाच ठाऊक. यातलं रोहिणी १९६१ साली पहिल्यांदा उडालं. त्यात दोघं शेजारीशेजारी बसत, त्यामुळे शिकाऊ माणसाचा चेहरा पांढरा पडला की गुरुजींना लगेच दिसे. एक विरोधाभास मात्र राहिला. मृग लागला की शेतकरी आभाळाकडे बघून तिफण काढतो आणि ग्लायडरवाला आभाळाकडे बघून हँगरचं दार लावतो.

पश्चिमेला कामशेत. तिथे मावळातल्या डोंगरांवरून पॅराग्लायडिंग चालतं. देहूरोड, तळेगाव, वडगाव ओलांडलं की कापडी पंख हवेत दिसायला लागतात. ग्लायडर असो की हा कापडी पंख, अडचण दोघांची एकच. आपण वर चाललोय की खाली, हे कळायचं कसं?

ऐकायला प्रश्न बावळट वाटतो. पण शरीराला वेग कळतच नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. वाकडमधल्या एखाद्या पंचवीस मजली टॉवरच्या लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहा. सुटताना गुडघ्यांना कळतं, थांबताना पोटाला कळतं, मधले वीस मजले कुणालाच काही कळत नाही. उडताना हवेने उचललं की पहिला धक्का बुडाला बसतो. पायलट मंडळींचा या अवयवावर मोठा विश्वास. पण धक्का संपला की बुडाचं त्या विषयावरचं म्हणणंही संपतं. खाली बघून अंदाज घ्यावा, तर हजार मीटरवरून पवना धरण जसं दिसतं तसंच ते नऊशे नव्वद मीटरवरूनही दिसतं.

राहिला कान. मुंबईला निघालात आणि खंडाळ्याचा घाट उतरलात की खोपोली येईपर्यंत कानाला दडे बसतात. कानाच्या पडद्यामागे हवेची एक इवलीशी पोकळी असते आणि तिथून घशाकडे जाणारी बारीक नळी. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, आतला तेवढाच राहतो, आणि पडदा आत ढकलला जातो. जांभई दिली, आवंढा गिळला, की नळी उघडून हिशेब मिटतो. गंमत अशी की घाट चढताना ही नळी बहुतेक वेळा आपली आपण उघडते. कुरकुर करते ती उतरताना. म्हणजे निसर्गाने दिलेलं हे उपकरण घसरणीची तक्रार कळवतं, चढल्याची बातमी देत नाही. अस्सल मध्यमवर्गीय बनावट. पक्ष्यांच्या मध्यकर्णात याहून सरस व्यवस्था असावी. विटाली नावाच्या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये तिथे एक बारीक अवयव शोधला, आणि तो हवेचा दाब ओळखत असावा असं मानतात. मोशीच्या कचरा डेपोवर घिरट्या घालणारी घार पंख न हलवता कशी वर जाते, याचं निम्मं उत्तर कदाचित तिथे आहे. उरलेलं निम्मं डेपोत आहे.

माणसाने हा अवयव बाजारातून आणला. त्याचं नाव व्हेरिओमीटर, लाडाने व्हेरिओ. तो आमच्या सोसायटीत आला आणि तिची शांतता गेली.

सोसायटीतले एक काका उभी हयात क्वालिटीत काढून रिटायर झालेले. मुलाने कामशेतला पॅराग्लायडिंगचा कोर्स केला, नंतर त्याला परदेशी नोकरी लागली, आणि जाताना तो आपला मोबाइलएवढा व्हेरिओ घरी ठेवून गेला. वर जाताना हे यंत्र बीप-बीप करतं. चढ जोरात असेल तर बीप भराभर आणि बारीक आवाजात. खाली जाताना जड, लांबलचक कण्हणं. डोळे आकाशात ठेवून कानाने उंची ऐकायची, असा त्यातला विचार. काकांनी ते हातात घेतलं आणि मुलाला फोन लावला.

"लीस्ट काउंट किती रे याचं?"

"उंचीत म्हणाल तर दहा-एक सेंटिमीटर, बाबा."

"कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कुठं ठेवलंयस?"

पलीकडे इतकी शांतता पसरली की काकांना वाटलं, फोन कट झाला.

दहा सेंटिमीटर ही थाप नव्हे. आत नखाच्या टोकाएवढी चिप असते, आणि हवेच्या दाबाने तिचा पापुद्रा वाकतो. अशा चिपा या पट्ट्यात नवलाच्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर फ्युएल इंजेक्शनच्या दुचाक्या सगळीकडे झाल्या. इंजिनात किती पेट्रोल सोडायचं ते ठरवायला त्यांच्यातही हवेचा दाब मोजणारा सेन्सर लागतो. म्हणजे ज्या चिपेवर जर्मनीत कुणी आल्प्स ओलांडतो, तिच्या चुलत बहिणीच्या भरवशावर आपण भोसरीच्या पुलाखाली सिग्नल सुटायची वाट बघत असतो.

काकांनी जिन्यावर चाचणी घेतली. पायऱ्या चढताना बीप, उतरताना कण्हणं. मग लिफ्ट. ए विंगची लिफ्ट सेकंदाला ०.९ मीटर भरली, बी विंगची १.०. कागदावर दोन्ही १.०. काकांनी सेक्रेटरींना लेखी कळवलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, वर पोचते ना?" काका म्हणाले, "पोचणं हा क्रायटेरिया नाही." मग नाशिक फाट्याच्या दुमजली पुलाची पाळी आली. मागच्या सीटवर काका, हातात व्हेरिओ, चढावर बीप-बीप आणि रिक्षावाल्याची नजर रस्त्याऐवजी आरशात.

खरा पेच घरात पडला. दारं-खिडक्या बंद, एसी चालू, आणि काकूंनी ठेच्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. त्यांनी किचनची चिमणी लावली, आणि हॉलमध्ये टीपॉयवर ठेवलेला व्हेरिओ वाजायला लागला. बीप, बीप, बीप.

"अगं, फ्लॅट वर चाललाय!" काका ओरडले.

"खाली आला की कोथिंबीर घेऊन या," काकू म्हणाल्या.

ज्याला वाटतं की व्हेरिओ वर जाणारी हवा ओळखतो, त्याने ही चिमणी लक्षात ठेवावी. या यंत्राला वर-खाली काही कळत नाही, हवा कळत नाही, आकाश तर नाहीच. त्याला एवढंच कळतं, की आत्ताचा दाब मघापेक्षा कमी आहे की जास्त, आणि किती वेगाने बदलतोय. चिमणीने घरातली हवा बाहेर फेकली, घरातला दाब किंचित उतरला, यंत्राने निष्ठेने जाहीर केलं की आपण चढतोय. शेजाऱ्याने दार आपटलं तरी ते असंच दचकतं. किंचित म्हणजे किती, तर आपल्या पुण्याच्या उंचीवर एक मीटर चढलं की हवेचा दाब ढोबळमानाने एक दशसहस्रांशाने घटतो. सेकंदाला एक मीटर हा चांगला चढ समजला जातो, आणि त्याची साक्ष एवढीशी.

चिप नव्हती तेव्हा हे कसं ओळखायचे, हे कळल्यावर काकांचा त्या यंत्राविषयीचा आदर एकदम वाढला. कारण उत्तर होतं थर्मास. शब्दशः चहाचा असतो तसा, साधारण अर्ध्या लिटरला थोडा कमी, दुहेरी भिंतीचा. थर्मासचं तोंड बंद करून त्यातून नळी काढायची, ती यंत्रातून बाहेरच्या हवेला जोडायची. ग्लायडर चढलं की बाहेरचा दाब उतरतो, थर्मासमधली जादा हवा नळीतून बाहेर पडते, आणि जाता जाता एका हलक्या पात्याला ढकलते. पात्याला सुई, सुईमागे केसासारखी स्प्रिंग. ग्लायडर उतरलं की हवा उलट आत शिरते आणि सुई खाली. आता हिशेब करा. साडेचारशे मिलिलिटरचा दशसहस्रांश म्हणजे एक मिलिलिटरचा विसावा भाग. सेकंदाला एक मीटर चढताना त्या नळीतून जी हवा जाते, ती सेकंदाला एका थेंबाएवढी. त्या थेंबभर हवेच्या जोरावर माणूस ढगाखाली जाऊन पोचतो.

हे बाटली प्रकरण आधी बलूनवाल्यांकडे होतं. जर्मनीतल्या अलेक्झांडर लिपिश यांनी ग्लायडरमध्ये ते वापरायचं सुचवलं आणि १९२९ च्या सुमाराला रॉबर्ट क्रोनफेल्ड ते घेऊन उडू लागला. तोवर ग्लायडर डोंगराच्या कडेला वर चढणाऱ्या वाऱ्याला चिकटून राहत असत. सपाट मुलखात गेली की संपली. यंत्र आल्यावर कळलं की निरभ्र, रिकाम्या दिसणाऱ्या आकाशात जागोजाग जिने आहेत, फक्त ते दिसत नाहीत. इंग्रजांनी नंतर एक मजेदार यंत्र काढलं. त्यात शेजारीशेजारी दोन काचनळ्या, एकीत हिरवी गोळी, दुसरीत लाल. चढ असला की हिरवी गोळी वर जायची, उतार असला की लाल गोळी वर जायची. म्हणजे खाली चालल्याची बातमीही वर जाऊनच द्यायची. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ही पद्धत अजून चालते.

थर्मासच का, साधी बाटली का नको? कारण आतली हवा नुसती तापली तरी फुगते आणि नळीतून बाहेर पडते. एका सेकंदात तापमान एका अंशाच्या तिसाव्या भागाएवढं चढलं, तरी सुई सांगणार की आपण सेकंदाला मीटरभर चढतोय. कॉकपिटवर ऊन पडलं की नुसत्या उन्हाने माणूस वर! म्हणून थर्मास. आणि तेवढ्यावर समाधान न मानणारे त्यात भांडी घासायच्या तारेच्या घासणीसारखा तारेचा गुंता कोंबतात. तार उष्णता शोषून आतल्या हवेचं तापमान फार हलू देत नाही.

हे ऐकलं आणि काकूंची घासणी नाहीशी झाली.

काकांनी जुना थर्मास घेतला, त्याला रबरी बूच बसवलं, बुचातून तीन मिलिमीटर छिद्राची काचेची नळी आडवी काढली आणि नळीत लाल रंगाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. हा प्रयोग कुणालाही जमेल. लिफ्ट एक मजला चढली की तो थेंब नळीत दोन-सव्वादोन सेंटिमीटर बाहेर सरकतो. सही चालतो. सोसायटीच्या वॉचमनला मात्र त्यातलं भौतिकशास्त्र दिसलं नाही. त्याला दिसला एका हातात लाल नळी खोचलेला थर्मास आणि दुसऱ्या हातात बीप-बीप वाजणारा डबा घेऊन लिफ्टमध्ये एकटाच वर-खाली करणारा, स्वतःशी आकडे पुटपुटणारा माणूस. बी विंग पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये उभी होती. कमिटीने त्यानंतर जो ठराव केला तो 'ज्वलनशील, स्फोटक वा वाजणाऱ्या वस्तू' असा आहे. त्यात दुधवाल्याची सायकलही सापडली.

यंत्र चिमणीला फसतं हे मान्य. पण आकाशात चिमणी नसते. तिथे यंत्राला फसवणारा माणूस म्हणजे पायलट स्वतः.

ग्लायडर ताशी १२० किलोमीटरने चाललंय असं धरा. पायलटने दांडी मागे ओढली. नाक वर झालं, वेग उतरत उतरत ८० वर आला, आणि तेवढ्यात ग्लायडर जवळजवळ तीस मीटर चढलं. दहा मजले! सुई वर, बीप जोरात, पायलट खूश: थर्मल मिळालं. मिळालं काहीच नाही. हवा जागच्या जागी आहे. त्याने गाठीचा वेग मोडला आणि उंची घेतली. ग्लायडरवाले याला दांडीचं थर्मल म्हणतात, आणि ते सगळ्या जगात, सगळ्या ऋतूंत, मुबलक मिळतं.

यावरचा इलाज नामी आहे. उंचीची ऊर्जा आणि वेगाची ऊर्जा वेगळी मोजायचीच नाही, बेरीज मोजायची, म्हणजे टोटल एनर्जी. बेरीज वाढली तरच हवेने काही दिलं. ही कल्पना आर्थर कँट्रोविट्झ यांनी १९३९ च्या सुमाराला मांडली, आणि आज ती शेपटावरच्या एका बोटभर जाडीच्याही आतल्या नळीने साधते. यंत्राला बाहेरचा दाब या नळीतून मिळतो. तिची भोकं मागच्या बाजूला, त्यामुळे वाऱ्याने तिथे ओढ तयार होते. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त. दांडी ओढून ग्लायडर चढलं की उंचीमुळे दाब घटतो, पण वेग मंदावल्याने नळीची ओढही घटते. दोन्ही एकमेकांना फेडून टाकतात आणि सुई हलत नाही. बॅटरी नाही, प्रोग्रॅम नाही. वाकडी नळी आणि दोन-चार भोकं, आणि माणसाचा स्वतःविषयीचा एक मोठा गैरसमज दूर.

काकांना हे इतकं पटलं की त्यांनी सोसायटीतल्या लोकांना टोटल एनर्जी लावायला सुरुवात केली. सी विंगमधल्या एका मुलाने चिखलीतला वन बीएचके विकून रावेतला थ्री बीएचके बुक केला, तो पेढे द्यायला आला.

"उंची किती?" काकांनी विचारलं.

"बाविसावा मजला, काका. व्ह्यू आहे."

"वेग?"

"म्हणजे?"

"हप्ता गेल्यावर दहा तारखेला खात्यात काय उरतं?"

मुलगा पेढ्याकडे बघत राहिला. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि निकाल दिला: "सुई शून्यावर. हवा स्थिर आहे."

मग त्यांना कुणी रोखू शकलं नाही. भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्याने कर्ज काढून नवं मशीन आणलं, दारात रांगोळी, मशीनला हार. काकांनी आधी ऑर्डर बुक मागितलं. कुणाच्या मुलाने ओव्हरटाइम करकरून बाइक घेतली; काकांनी त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघितली आणि मान हलवली. मला त्यांचा हा छंद थोडा क्रूर वाटतो. तीस मीटर उसनी असली तरी तीस मीटरवरून दिसायचं ते दिसतंच, आणि बाविसाव्या मजल्यावर वारा खरा येतो. पण आपल्या पट्ट्यातलं सगळ्यात मोठं दांडीचं थर्मल कोणतं, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. पुण्याच्या नव्या विमानतळासाठी वर्षानुवर्षं चाकण-राजगुरुनगर भागाचं नाव घेतलं जात होतं. नुसत्या नावावर प्लॉटिंगचे बोर्ड लागले, बोर्डावर विमानं उडाली, 'एअरपोर्ट टच' अशी विशेषणं जमिनीला चिकटली. २०१६ मध्ये पुरंदरचं नाव पुढे आलं. जमिनीवरून काहीही न उडता एवढी उंची गाठल्याचं दुसरं उदाहरण ग्लायडिंगच्या इतिहासात नाही.

शून्यावरून आठवलं. शून्य ही वाईट बातमी नव्हे. चांगलं ग्लायडरही शांत हवेत सेकंदाला साठ-सत्तर सेंटिमीटरने खाली येतच असतं. ते त्याच्या जन्माचं भागधेय. सुई शून्यावर असेल तर हवा तेवढ्याच वेगाने वर चालली आहे, म्हणून आपण जिथल्या तिथे आहोत. काही यंत्रं ही ग्लायडरची स्वतःची घसरण वजा करून केवळ हवेची चाल दाखवतात. ते बघितलं की कळतं, आपण अधांतरी टिकून आहोत यात आपलं कर्तृत्व किती आणि कुणाच्या पत्र्याचं ऊन किती. फर्स्ट शिफ्टला उठून, कंपनीची बस पकडून, महिनाअखेरीला खात्यावर शून्य राखणारी जी हजारो घरं निगडी-आकुर्डी-मोशीत आहेत, त्यांच्याकडे या यंत्राने बघावं. काकांनाही हे मी एकदा सुनावलं. ते म्हणाले, "मुद्दा नोंदवून घेतो." क्वालिटीतल्या माणसाकडून यापेक्षा जास्त मिळत नाही.

आता उतरत्या हवेचं. जिथे हवा वर जाते तिथेच बाजूला ती खालीही येते. फुकट कोण देतो? सुई खाली गेली, यंत्र कण्हायला लागलं, की नवशिका माणूस घाबरून वेग कमी करतो, जपून उडतो. नेमकं उलट करायचं असतं. नाक खाली घालून, वेग वाढवून त्या हवेतून निघून जायचं, कारण जितका वेळ तिच्यात काढाल तितकी ती खाली ओढणार. किती वेग वाढवायचा हे सांगणारी फिरती चकती पॉल मॅक्रीडी यांनी व्हेरिओच्या तबकडीभोवती बसवली, आणि १९५६ मध्ये ते ग्लायडिंगचे जगज्जेते झाले. सिद्धांत अचूक आहे. पण तो मांडणाऱ्याने संध्याकाळी सहाला चाकणचा तळेगाव चौक पाहिलेला नव्हता. तिथे सुई कितीही खाली जावो, नाक खाली घालून वेग वाढवायची सोय नाही. पुढे कंटेनर असतो.

त्या चौकात उभं राहिलं की आकाशातला एक नियम फार आठवतो. थर्मलमध्ये जो पहिला शिरतो तो डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते ठरवतो. नंतर येणारा प्रत्येक जण, मग तो कितीही वरचा पायलट असो, त्याच दिशेने फिरतो. हॉर्न नाही, हात बाहेर काढणं नाही, 'ओळखलं नाही का मला' नाही. एका खांबात पाच-सहा पंख तासभर एकाच दिशेने फिरत राहतात. घारी आधीच फिरत असतील तर माणसं मुकाट्याने घारींची दिशा धरतात. तसंही कुशल पायलट सुईकडे कमी आणि घारींकडे जास्त बघतात, कारण नळीची सुई दोन-तीन सेकंद उशिरा बोलते आणि घार वेळेवर पोचते.

कामशेतचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. थर्मल बघायचं असेल तर दुपारच्या आत जा. दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा मावळात शिरला की त्या खांबांची मोडतोड होते. तेवढं जाणं होत नसेल तर मोशीच्या डेपोजवळून जाताना नाकाला रुमाल लावून दोन मिनिटं वर बघा. घार गोल फिरतेय आणि पंख हलत नाहीत, तर तिथे हवा वर चालली आहे. यापेक्षा वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. आणि थर्मासचा प्रयोग करायचाच असेल तर जरूर करा, पण घासणी नवी आणा आणि लिफ्टमध्ये शिरण्याआधी वॉचमनला सांगून ठेवा.